जकात नाक्याची जागा

क्षेत्रीय कार्यालयाच्या फाटकाशी माझं टेबल.
एक टाइपरायटर, एक छत्री, कार्बनचे कागद.
दाखले, वारसनोंदी, नळजोडणी,
पानाला चाळीस रुपये.
इंदुमतीबाई ओव्हाळ आल्या त्या उभ्यानंच म्हणाल्या,
लिहा. विषय : स्तूप.

मी म्हटलं, बाई, विषय असा लिहीत नाहीत.
‘मौजे बोपोडी येथील बंद जकात नाक्याच्या जागेवर
सार्वजनिक प्रयोजनार्थ बांधकाम करणेबाबत.’
लिहा तुमचं, म्हणाल्या,
पण त्यात स्तूप येऊ द्या.

एकवीस वर्षं त्यांनी झाडला तो नाका.
पहाटे चारला ट्रकांची रांग हॅरिस पुलापर्यंत,
हॉर्न, डिझेल, टराटरा फाटणाऱ्या पावत्या,
कांद्याच्या गोण्यांवर मेल्यासारखा झोपलेला क्लीनर.
आता छपरावर पिंपळ उगवलाय
आणि वजनकाट्याच्या खड्ड्यात
एक कुत्री दरसाल विते.

इथं सगळ्यांना अडवून घ्यायचे, म्हणाल्या.
आता कुणी आपणहून थांबावं
अन् कुणी काही घेऊ नये.

हे वाक्य मला अर्जात बसवता येईना.
‘विनाशुल्क’ एवढं टंकलं.

मग प्रश्न मीच काढले,
आत गेल्यावर विचारणारच होते.
भोंगा?
नाही. घंटासुद्धा नाही.
पुतळा?
वस्तीतली पोरं म्हणतात, पाहिजे,
पुलावरून दिसेल एवढा.
मी म्हणते, आधी सावली करा.
भांडण चालू आहे आमचं.
आत माणसं किती मावतील?

इथं त्या हसल्या.
कधी मळवलीला उतरून भाज्याला गेलात?
स्तूपाला आत नसतं, भाऊ.
भरीव असतो तो, पायापासून शेंड्यापर्यंत.
दारच नाही,
तर दारात कोण कुणाला अडवणार?
माझे आजोबा पर्वतीच्या पायऱ्यांवर धोंडा खाऊन परत आले.
भुवईवरचा तो खड्डा
आम्ही पोरी बोट घालून बघायचो.

माझी बोटं कळांवर तशीच राहिली.
मागं वारसनोंदीवाला खाकरला.

कोण येईल, तेही लिहा :
दवाखान्यातून रिपोर्ट घेऊन निघालेलं माणूस,
जे लगेच घरी जाऊ शकत नाही.
रात्रपाळी सुटलेले दारूगोळ्याच्या कारखान्यातले.
आमच्या गल्लीतली नसीम, जिला रडायला घरात खोली नाही.
दहावीला गणितात गेलेली पोरं.
पत्ता चुकलेला कुणीही.
फिरायला अडीचशे पावलं.
एक नळ. एक दिवा, डोळ्यांत न घुसणारा.
झाडायला मी आहे, गुडघे आहेत तोवर.

आवक खिडकीवर कारकुनानं छापील तक्ता सरकवला.
जागेचा वापर : धार्मिक, व्यापारी, क्रीडा, वाहनतळ, इतर.
‘इतर’पुढं दोन बोटांची रेघ.
काय लिहू, मी विचारलं.
त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं
आणि स्वतःच्या अक्षरात,
ज्यातली वेलांटी नेहमी उलटी पडते,
लिहिलं : बसणे.

शिक्का बसला. आवक क्रमांक मिळाला.
चार महिने झाले.
फाइल विधी खात्यात आहे म्हणतात,
वाहनतळाचाही एक प्रस्ताव आलाय म्हणतात,
म्हणतात, बाई, जागा मोक्याची आहे.

काल दापोडीहून येताना
नाक्यापाशी माझी स्कूटर बंद पडली.
प्लग पुसताना दिसलं,
मातीत झाडूच्या खुणा.
सरळ नव्हे, गोल.
रोज कुणीतरी झाडून झाडून
एक वाट केलेली, बैलगाडी जाईल एवढी रुंद,
आणि मधोमध तो खड्डा,
खड्ड्यात कुत्री, तिच्या पोटाशी पाच पिल्लं.

चपला काढाव्यात की नाही, कळेना.
नाही काढल्या.
खड्डा उजव्या हाताला ठेवून एक फेरी मारली.
पुलावरची वाहनं ऐकू येत होती, चांगली ऐकू येत होती,
ती काही थांबली नाहीत.

पावलं मोजली मी, सवयीनं.
दोनशे बारा भरली.
अर्जात दुरुस्ती करावी लागेल.